पाठीवरची जखम आणि रात्रपाळीचा हिशेब

अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून सोडलं तेव्हा उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. थोरला मुलगा हिंजवडीला, धाकटा दुबईला, गावाकडं फक्त आई, आणि तिचेच गुडघे धरलेले. पाहुण्यांकडून चौकशी करून अण्णांना तालुक्याच्या गावी एका सेवाकेंद्रात ठेवलं. इमारत नवी, फरशी चकचकीत. दर रविवारी अकराच्या सुमाराला घरातलं कुणीतरी जाऊन यायचं. अण्णा दाढी केलेले, धुतलेल्या कपड्यात, उशीला टेकून बसलेले. चौथ्या आठवड्यात ताप चढला म्हणून डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कुशीवर वळवलं, तर माकडहाडावर दहा रुपयांच्या नाण्याएवढी काळी जखम.

‘दर रविवारी बघत होतो की हो आम्ही! मग हे झालं कधी?’

अण्णा काल्पनिक आहेत, प्रश्न नाही. अंथरुणाला खिळलेला माणूस दुसऱ्याच्या हवाली केलेल्या कितीतरी घरांनी तो विचारलेला आहे. जखम रविवारी अकरा वाजता होत नाही. ती बुधवारी पहाटे तीनला होते, आणि त्या वेळी तिथं किती माणसं जागी होती यावर ती होणार की नाही ते ठरतं. म्हणून केंद्र पारखायला जाताना फरशी, टीव्ही आणि गणपतीची संगमरवरी मूर्ती यांच्याकडं जरा काणाडोळा करावा आणि रात्रीचे हात मोजावेत.

बारामतीच्या आसपास, कऱ्हा-नीरेच्या या भागात हा प्रश्न आता घरोघरी येऊन ठेपला आहे. कऱ्हाटी, मोरगाव, सुप्याच्या जिरायती पट्ट्यातली पोरं एमआयडीसीत नाहीतर पुण्यात. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती या कारखान्यांच्या बागायती पट्ट्यात जमीन आहे, ऊस आहे, गोठा आहे. पण दिवसभर म्हाताऱ्या माणसाजवळ बसणारं कुणी नाही. पैसे मोजायची तयारी असते, मोजून काय मिळतंय हे कळत नाही.

कातडीखाली काय घडतं

आधी ती जखम समजून घेऊ, कारण केंद्राच्या कामाचं सगळ्यात प्रामाणिक प्रगतिपुस्तक तीच आहे.

ठिबकची लॅटरल डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर ट्रॅक्टरचं चाक उभं राहिलं तर पंप चालू असतो, मेन लाइनला पाणी असतं, पण चाकाच्या पुढच्या रोपांना थेंब मिळत नाही. चाक पाच मिनिटांत काढलं तर काही बिघडत नाही. तिथंच राहिलं, तर रोपं आतून सुकायला लागतात, आणि पान पिवळं दिसतं तोवर मुळं गेलेली असतात.

शरीरात लॅटरलच्या जागी केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यांच्यातला दाब फार कमी, साधारण ३२ मिलिमीटर पाऱ्याएवढा. उताणं झोपलं की शरीराचा भार हाडाच्या टोकांवर येतो. माकडहाड, टाचा, खुब्याचं हाड, कोपर, खांद्याचं पातं, डोक्याची मागची बाजू. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं जातं आणि त्या बारीक वाहिन्या मिटतात. निरोगी माणूस झोपेतही रात्रभर हलत असतो. टोचायला लागलं की मेंदू न विचारता कूस बदलून टाकतो. अर्धांगवायूच्या, खुबा मोडलेल्या किंवा गुंगीतल्या माणसाला हे जमत नाही. त्याची कूस दुसऱ्या कुणीतरी बदलायची असते. साधारण दर दोन तासांनी बदलावी, असा शुश्रूषेतला जुना दंडक आहे.

यात फसवी गोष्ट अशी, की सर्वांत आधी मरतं ते हाडालगतचं मांस. कातडी शेवटी फाटते. म्हणजे वर नाण्याएवढं दिसतं तेव्हा आतला खड्डा त्याहून मोठा असू शकतो, आणि त्याचं वयही तुम्ही समजता त्याहून जास्त असतं. त्यात लघवीनं ओलं झालेलं डायपर तासन्‌तास तसंच राहिलं, की कातडी भिजून मऊ पडते आणि लवकर सुटते. पोटात प्रथिनं कमी जात असतील तर जखम भरत नाही. मधुमेह असेल तर विचारूच नका.

सुरुवात ओळखायची एक साधी युक्ती आहे. माकडहाडावरची किंवा टाचेवरची लालसर जागा बोटानं दोन-तीन सेकंद दाबा आणि सोडा. पांढुरकी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिली तर जखमेची पहिली पायरी सुरू झाली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथं जांभळट-काळसर डाग, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागणारी जागा शोधावी. या पायरीवर भार काढून घेतला तर बहुधा सगळं पूर्ववत होतं. म्हणून भेटायला गेल्यावर चहा पिऊन झाला की पांघरूण बाजूला करून टाचा आणि पाठ बघायचीच. संकोच वाटतो, विशेषतः सासऱ्यांची पाठ सुनेनं कशी बघायची वगैरे. मग मुलानं बघावी.

कूस बदलायला किती हात लागतात

आता पाटी-पेन्सिल घेऊ. समजा केंद्रात २० खाटा आहेत आणि त्यातली १२ माणसं स्वतः हलू शकत नाहीत. दर दोन तासांनी कूस, म्हणजे दिवसाला १२ वेळा. बारा माणसांच्या मिळून १४४ वेळा. एका वेळेला पाच मिनिटं धरू, आणि साठ-सत्तर किलोच्या माणसाला नीट वळवायचं तर दोघं लागतात. एकट्यानं ओढलं तर चादरीवर घासून कातडी सोलते. म्हणजे एका वेळेला दहा मनुष्य-मिनिटं, दिवसाला १,४४० मिनिटं. बरोबर चोवीस तास. एक अख्खा माणूस दिवसरात्र न जेवता, न झोपता राबेल एवढं काम नुसत्या कुशी बदलण्याचं आहे. अजून डायपर बदललेलं नाही, भरवलेलं नाही, औषध दिलेलं नाही.

रात्रीपुरतं बघू. दहा ते सहा या वेळात चार फेऱ्या, ४८ वेळा कूस, दोघांचे चार तास. रात्रपाळीला दोन माणसं असतील तर त्यांची निम्मी रात्र यातच जाते, आणि ते शक्य तरी आहे. रात्रपाळीला एकच मावशी असेल तर हे काम होऊच शकत नाही. मावशी कितीही प्रेमळ असो. अण्णांच्या पाठीवरच्या जखमेचं कोडं इथं सुटतं.

भरवण्याचंही तसंच. झटका आलेल्या माणसाचं गिळणं बऱ्याचदा बिघडलेलं असतं. त्याला पाठ उभी करून, छोट्या घासांनी, एकेक घास उतरल्याची खात्री करत भरवायचं तर अर्धा तास लागतो, आणि नंतरही अर्धा तास बसतं ठेवावं लागतं. पाच जणांना भरवायचं असेल तर एका जेवणाला एका माणसाचे अडीच तास. माणसं कमी असली की घास मोठा होतो, पाठ आडवी राहते, आणि वरण अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. त्यातून होणारा न्यूमोनिया अशा रुग्णांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे. घरी निरोप येतो, ‘छातीत कफ झाला होता.’

‘चोवीस तास सिस्टर’ म्हणजे किती सिस्टर?

माहितीपत्रकावर हमखास असतं, ‘२४ तास नर्सिंग सेवा’. याचाही हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठ तासांची पाळी, आठवड्याला सहा दिवस करतो, म्हणजे ४८ तास. १६८ भागिले ४८, साडेतीन. त्यात आजारपण, लग्नकार्य, दिवाळी, गावची जत्रा धरली, की एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला चार ते साडेचार माणसं पगारावर लागतात. केंद्रात सिस्टर दोनच असतील, तर एकतर रात्री सिस्टर नसते, किंवा ती बारा-बारा तास करते, किंवा तिथंच राहते आणि झोपेतून उठवली तर येते. तिन्ही प्रकार सर्रास चालतात. चालकांना सरळ विचारावं: पगारावर सिस्टर किती, मावशा किती, मामा किती? काल रात्री कोण होतं? नाव सांगा. जिथं व्यवस्था आहे तिथं ड्युटीचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो आणि नाव क्षणात मिळतं.

एकूण किती हात पुरेत, यावर जगभर वाद आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारनं २०२४ मध्ये तिथल्या नर्सिंग होमसाठी किमान मर्यादा ठरवली होती: प्रत्येक रुग्णामागं रोज ३.४८ तासांची शुश्रूषा. तिथल्या संस्थाचालकांनी कोर्टात धाव घेतली आणि २०२५ मध्ये एका न्यायालयानं तो नियम रद्द केला. एवढी माणसं मिळत नाहीत, परवडत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. ते खोटंही नसेल. पण मोजायला आकडा हाती आला. आपल्या २० खाटांच्या केंद्राला तो लावला तर रोजचे सुमारे ७० तास, म्हणजे दिवसाला नऊ पाळ्या आणि सुट्ट्या धरून पगारावर अकरा-बारा माणसं. एक सिस्टर आणि चार मावशांवर २० खाटा चालवणारं केंद्र या रेषेपासून किती लांब आहे ते आपलं आपण बघावं.

अमेरिकेचीच आणखी एक गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. २००८ च्या अखेरीपासून तिथं प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे दिले जातात: तपासणीतले दोष, मनुष्यबळ आणि रुग्णांच्या प्रकृतीची मोजमापं यांवरून. सुरुवातीला मनुष्यबळाचा आकडा संस्था स्वतःच कळवायच्या. तपासणीच्या सुमाराला माणसं वाढायची, तपासनीस गेले की कमी व्हायची. शेवटी २०१६ पासून सरकारनं पगारपत्रकाशी जोडलेली रोजची नोंद मागायला सुरुवात केली. आपल्याकडं अशी ताऱ्यांची सरकारी यादी नाही, आणि गूगलवरचे तारे हे रविवारच्या पाहुण्यांनी दिलेले असतात.

पांढरा ड्रेस सगळ्यांचाच

पांढऱ्या किंवा निळ्या ड्रेसमधल्या प्रत्येक मुलीला आपण ‘सिस्टर’ म्हणतो. त्यांच्यात फरक मोठा आहे. बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, एएनएम दोन वर्षांचं. या सगळ्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं नोंदणी असावी लागते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान काही नाही. त्याखेरीज काही महिन्यांचा रुग्णसहायकाचा कोर्स केलेल्या मुली असतात, आणि काहीच न शिकता कामावर लागलेल्या बायकाही असतात. कूस बदलणं, भरवणं, अंग पुसणं ही कामं शिकवून तयार केलेल्या मावशी उत्तम करतात. कित्येकदा सिस्टरपेक्षा मायेनं. इन्सुलिनची मात्रा, शिरेतलं इंजेक्शन, नाकातून घातलेली नळी जागेवर आहे का हे ठरवणं, ही त्यांची कामं नव्हेत. इन्सुलिन दिलं आणि जेवण तासभर लांबलं, तर म्हातारा माणूस साखर उतरून बेशुद्ध पडतो आणि मावशीला वाटतं झोपलाय.

एक प्रश्न चालकांना न विचारता थेट मावशींना विचारावा, तोही सहज बोलता बोलता: ‘किती दिवस झाले इथं?’ तिघींनी ‘महिना झाला’, ‘नवीनच आहे’ असं सांगितलं तर समजावं की इथं माणूस टिकत नाही. अण्णांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, त्यांना भात चालतो पण पोळी अडकते, हे सांगणारं कागदपत्रात काही नसतं. ते रोज बघणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, आणि तो गेला की ते ज्ञानही जातं.

माणसं कमी पडली की नळी येते

हात अपुरे असले तरी काम दिसायला तर उरकलं पाहिजे. मग तीन सोपे मार्ग वापरले जातात.

पहिला, लघवीची नळी. तिची वैद्यकीय कारणं असतात. लघवी अडणं हे त्यातलं मुख्य. पण डायपर बदलायला माणूस नाही म्हणूनही ती घातली जाते. नळी आत असलेल्या प्रत्येक दिवसामागं मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता ३ ते ७ टक्के मानतात. महिनाभर नळी ठेवली तर संसर्ग जवळपास ठरलेलाच. वॉर्डातून फिरताना खाटेला लटकलेल्या पिशव्या मोजाव्यात. निम्म्याहून जास्त खाटांना असतील तर ‘सगळ्यांचीच लघवी अडते का हो?’ असं विचारायला हरकत नाही.

दुसरा, बांधणं. पडू नये म्हणून हात खाटेला बांधतात. बांधलेला माणूस हिसडे देतो, कातडी सोलते, हालचाल बंद झाल्यानं जखमा आणि न्यूमोनिया दोन्ही लवकर होतात.

तिसरा मार्ग दिसत नाही, म्हणून सर्वांत वाईट: गुंगीची गोळी. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण संध्याकाळी अस्वस्थ होतात, घरी जायचं म्हणून दाराशी येतात. त्यांना शांत करायला भ्रमाच्या आजारावरची औषधं दिली जातात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २००५ मध्येच औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला. कधीकधी डॉक्टरांना ती विचारपूर्वक द्यावी लागतात, पण ती कुणी लिहून दिली, कशासाठी आणि कधी थांबवणार हे फाइलमध्ये असलं पाहिजे. सकाळी अकराला सगळा वॉर्ड गाढ झोपलेला असेल तर त्याला शांतता समजू नये.

आगीचाही हिशेब तोच

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागात ११ रुग्ण दगावले. २०२३ च्या पहिल्याच पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलासमधल्या एका वृद्ध सेवाकेंद्रातल्या आगीत दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला.

अशा आगीत माणसं बहुतेक वेळा धुरानं मरतात, आणि धूर खोली भरायला काही मिनिटंच घेतो. धडधाकट माणूस पळतो. अंथरुणाला खिळलेल्याला चादरीसकट उचलायला दोघं लागतात. बारा जण, दोन कर्मचारी, एक अरुंद जिना; भिंतीवर कितीही लाल सिलिंडर टांगलेले असोत, बाहेर कोण येणार हे त्या रात्रीच्या संख्येनं ठरतं. म्हणून हलू न शकणारे रुग्ण तळमजल्यावरच असावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या मजल्यावरची हवेशीर खोली नातेवाइकांना आवडते, पण लिफ्ट आगीत वापरता येत नाही. दारातून खाट बाहेर निघते का, खिडकीच्या ग्रिलला उघडणारा भाग आहे का, रात्री गेटच्या कुलपाची किल्ली कुणाकडं असते, एवढं बघून घ्यावं.

कागदही मागावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणं ज्यांना अग्निसुरक्षा यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांनी ती चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचं असतं. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात.

आपल्याकडं आणखी एक रोजचा धोका, लाइट जाण्याचा. ऑक्सिजन देणारं यंत्र विजेवर चालतं, आणि पाठीच्या जखमा टाळणारी हवेची गादीही पंपावरच फुगलेली राहते. इन्व्हर्टरवर काय काय चालतं हे विचारावं. बऱ्याचदा ऑफिसचा पंखा आणि सीसीटीव्ही चालतो. एप्रिल-मेच्या चाळिशीच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. ओठ आणि जीभ कोरडी दिसली, पाण्याचा पेला हात पोचणार नाही अशा टेबलावर दिसला, तर तिथं पाणी कोण पाजतं हा प्रश्न आहे.

नोंदवहीतली पहाट

चांगल्या केंद्रात प्रत्येक खाटेपाशी तक्ता असतो: कूस किती वाजता बदलली, किती प्यायले, लघवी झाली का, साखर किती. तो जरूर मागावा आणि दुपारच्या ओळी सोडून पहाटे दोन ते चारच्या ओळी वाचाव्यात. त्या कोऱ्या असतील तर उत्तर मिळालं. सगळ्या आठवड्याच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं, एकाच तिरकसपणानं भरलेल्या असतील तर त्या एका बैठकीत भरल्या आहेत. खऱ्या तक्त्यात अक्षरं बदलतात, एखादी ओळ खोडलेली असते, ‘रुग्णाने नकार दिला’ असं लिहिलेलं असतं.

भेटीची वेळही बदलावी. एकदा संध्याकाळी सातला, जेवणाच्या धांदलीत जा. एकदा सकाळी सहाला, पाळी बदलताना. ‘भेटीची वेळ फक्त रविवारी अकरा ते एक’ असा नियम कडक असेल तर मी तिथं माझं माणूस ठेवणार नाही. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी थोडी बंधनं ठीक आहेत. घरच्यांना सहा दिवस बंदी ठीक नाही. नाकाचंही ऐकावं. लघवीचा वास डायपर किती वेळानं बदलतात ते सांगतो. फिनेलचा भपकारा पाहुणे येणार म्हणून कधी पुसलं ते सांगतो. आणि चष्मा बघा. चष्मा, कवळी, कानातलं यंत्र ज्याच्या त्याच्या अंगावर आहे का कपाटात आहे, यावरून तिथल्या लोकांना समोरचा माणूस दिसतो की नुसती खाट, हे कळतं.

रात्री झटका आला तर काय, हेही आधीच ठरलेलं हवं. मेंदूत गुठळी झाली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बारामती गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे. मोरगाव-सुप्याकडच्या केंद्रातून निघालं तर रस्त्याचाच बराच वेळ जातो. १०८ ला फोन कुणी करायचा, घरच्यांच्या परवानगीसाठी थांबायचं का, रुग्णासोबत गाडीत कुणी बसायचं, आणि तो गेल्यावर मागं किती जण उरतात? रात्रीचे हात पुन्हा मोजावे लागतात ते असे.

कायद्याच्या कक्षेत कोण

आपल्याकडं १९४९ चा कायदा आहे, आता त्याचं नाव महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन जिथं उपचार आणि शुश्रूषा दिली जाते, ती जागा त्याच्या व्याख्येत येते. नोंदणी तीन वर्षांसाठी असते, प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं असतं आणि पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारता येते. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्क सनद आणि दरांचा फलक लावणंही बंधनकारक केलं. प्रमाणपत्रावरच्या खाटांची संख्या आणि प्रत्यक्षातल्या खाटा ताडून पाहाव्यात.

नुसता निवास आणि जेवण देणारा वृद्धाश्रम वेगळा. तो बहुधा न्यास किंवा संस्था म्हणून नोंदलेला असतो. अडचण मधल्यांची आहे. पाटी वृद्धाश्रमाची आणि आत नाकात नळ्या, सलाइन, इंजेक्शनं. उपचार आणि शुश्रूषा विकत असाल तर त्या कायद्याची नोंदणी दाखवा, असं म्हणायला नातेवाइकांनी बिचकू नये. चालक चांगले असतील तर ते स्वतःच दाखवतात. आणि हेही खरं, की नोंदणी असून निष्काळजी केंद्रं असतात, आणि कागदात कच्ची पण रात्री जागणारी माणसंही असतात. कागद ही पहिली चाळणी, टाचा ही दुसरी.

चौकट: ठेवण्याआधी विचारायचं

• काल रात्री दहा ते सहा कोण जागं होतं, किती रुग्णांसाठी?
• पगारावर नोंदणीकृत सिस्टर किती? क्रमांक दाखवाल?
• हलू न शकणारे किती, आणि त्यातल्या किती जणांना पाठीची जखम आहे? ती इथं झाली की बाहेरून आली?
• गुंगीच्या गोळ्या किती जणांना, कुणाच्या सहीनं?
• डॉक्टर प्रत्यक्ष कधी येतात? फोनवर सल्ला वेगळा, येऊन तपासणं वेगळं.
• लाइट गेल्यावर काय चालू राहतं?
• न कळवता आलं तर आत सोडाल?
• डिपॉझिट, महिन्याचा खर्च आणि डायपर-औषधांचा वेगळा खर्च लेखी द्याल? महिन्याभरात हलवलं तर किती परत?

काही बिघडलं तर

आधी चालकांशी बोलावं, आणि तारखेसह लिहून द्यावं. जखमेचा फोटो काढावा, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून, म्हणजे वाढली की कमी झाली हे कळतं. ऐकलं नाही तर माणूस हलवावा; भांडणात आठवडा घालवण्याइतका वेळ जखमेकडं नसतो. नगरपरिषदेच्या हद्दीतल्या केंद्राची लेखी तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडं, खेड्यातल्या केंद्राची जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं करावी आणि पोच घ्यावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभरची मोफत मदतवाहिनी आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलं आहे, त्यामुळं ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे.

खरं तर नोंदणीकृत केंद्रांची यादी, मंजूर खाटा आणि नोंदलेल्या परिचारिकांची संख्या जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणांनी स्वतःहून नगरपरिषदेच्या आणि पंचायत समितीच्या फलकावर लावायला हवी. ती लागेपर्यंत कुठल्याही केंद्राच्या नोंदणीची आणि शेवटच्या तपासणीच्या अहवालाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाची फी दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे.